सात नंबरचा माग

पोरीला स्थळ बघताना माणसं जेवढी चिकित्सा करत नाहीत तेवढी झीनतने लॅपटॉप बघताना केली. आणि स्थळांचं होतं तेच झालं. बघण्यातच दिवस निघून चालले.

तिच्या हाताशी तीन शुक्रवार होते. त्यातला एक गेलासुद्धा.

शुक्रवारच का, तर सोलापूरच्या पूर्व भागातलं त्यांचं घर रुद्रप्पांच्या कारखान्याला पाठ लावून उभं होतं. टॉवेल विणणारे चौदा यंत्रमाग सकाळी सातला सुरू होत ते रात्री निजानीज होईपर्यंत खडखडत. मधली भिंत सामाईक होती. फळीवरची ताटं दिवसभर आपापसात कुजबुजत असत. कारखान्याला सुट्टी फक्त शुक्रवारची. आणि तीनच शुक्रवार का, तर तिसऱ्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी अम्माच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

अम्मा म्हणजे अकबरी. लग्नाघरी ढोलक घेऊन बसणाऱ्या बायकांत तिचं नाव पहिलं. समधनीची, म्हणजे विहिणीची, यथेच्छ टिंगल करणारी, हळदीला बसलेल्या नवरीला हसवता हसवता रडवणारी दखनी गाणी तिला तिच्या नानीकडून आलेली. कागदावर त्यांचं एक अक्षर नव्हतं. सगळी गळ्यात. आणि त्याच गळ्यात आता लिंबाएवढी गाठ झाली होती.

"गाठ काढावीच लागेल," डॉक्टर म्हणाले होते. "आवाजाची नस तिला चिकटलीय. बहुतेक काही होणार नाही. पण आवाज बसू शकतो, आधीच सांगून ठेवतो."

अम्माने मान हलवली आणि विचारलं, "जेवायला कवा मिळंल मग?"

अम्माच्या मनातून ती गोष्ट तिथेच संपली. झीनतच्या मात्र घशात तो 'बहुतेक' अडकून बसला. ती शाळेत सातवीला गणित शिकवायची. 'बहुतेक' हे काही उत्तर नव्हे, हे ती पोरांना रोज सांगत असे. ऑपरेशनच्या आधी अम्माची गाणी नीट, स्वच्छ रेकॉर्ड करून ठेवायची, असं तिने दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं.

"फोनवर घे की," अब्बा म्हणाले.

फोनवर घेऊन झालं होतं. ढोलकची थाप फाटत होती आणि अम्मा पत्र्याच्या डब्यात बसून गातेय असं वाटत होतं. मग झीनतने चांगला माइक आणला, तो कॉम्प्युटरला जोडायची छोटी पेटी आणली. घरातल्या जुन्या लॅपटॉपला ती पेटी जोडली, तर तो दोन मिनिटं चालला आणि तिसऱ्या मिनिटाला अम्माचं तोंड उघडं असतानाच गार पडला. नवा घेणं आलं.

इथे घोडं अडलं. कुणी म्हणे रॅम सोळाची पाहिजे, कुणी म्हणे बत्तीस. एका परीक्षणात जो लॅपटॉप डोक्यावर घेतलेला, तोच दुसऱ्यात पायदळी. झीनत वर्गात फळ्याकडे तोंड करून प्रोसेसरचे आकडे आठवायची. भाकरी थापताना फोन पिठात ठेवायची. रात्री ठरवलेलं सकाळी बदलायची आणि सकाळचं चहाबरोबर. एक ना धड, भाराभर चिंध्या. पहिला शुक्रवार आला, कारखाना गप्प झाला, अम्मा नवी ओढणी घेऊन माइकसमोर बसली आणि झीनत म्हणाली, "अजून घेतला नाही. दोनमधला एक ठरत नाहीये."

"मग मी भाजी निवडू का?" अम्मा म्हणाली आणि उठली.

खरं सांगायचं तर झीनतला लॅपटॉप निवडणं सोसवत होतं. आकड्यांशी भांडता येतं. अम्माच्या गळ्यातल्या त्या गाठीकडे बघत बसणं तिला सोसवत नव्हतं. हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं, पण ठाऊक असून माणूस कुठे थांबतो?

शेवटी तिने पुण्याच्या तौसिफला फोन लावला. तौसिफ तिचा आतेभाऊ, कॉम्प्युटरातला माणूस. त्याला विचारलं की तो आधी हसतो आणि मग उपदेश करतो.

"आपा, कमी पडेल असं काही घेऊच नकोस. गेमिंगवाला घे. एकावर एक चाळीस आवाजांचे ट्रॅक टाकलेस तरी हलणार नाही."

"आपल्याला चाळीस कशाला लागतात?"

"असावेत गं. पुढे लागतील."

त्याच्या जोरावर तिने ऑनलाइन मागवला. दुसऱ्या शुक्रवारी सकाळी आला. पाटासारखा जाड, कळांखाली लाल-निळे दिवे. मार्च महिना होता, तरी दहालाच ऊन पत्र्यातून खाली उतरलं होतं. रेकॉर्डिंगसाठी छताचा पंखा बंद केला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले, भिंतींवर चादरी टांगल्या. सोलापूरच्या घरात दुसरं काही नसलं तरी चादरी भरपूर असतात. अम्माने ढोलक मांडीखाली घेतली, झीनतने बटण दाबलं.

पाच मिनिटांत लॅपटॉप तापला आणि त्याचा आतला पंखा सुटला. आधी फुसफुस, मग घरघर, मग असा काही घोंगावू लागला की अम्माने गाणं सोडलं आणि वाकून त्याच्याकडे बघितलं.

"ह्यो तर रुद्रप्पांचा पंधरावा माग हाय गं," ती म्हणाली.

अब्बा दारात उभे राहून बघत होते. अब्बा म्हणजे इसूफ, रुद्रप्पांच्याच कारखान्यातले जॉबर, मागाची दुरुस्ती करणारे. चाळीस वर्षं मागांत काढून त्यांचे कान पार गेले होते. बोलताना त्यांना आपले ओठ दिसले पाहिजेत, हा घरातला नियम होता. त्यांना घरघर ऐकू आली नाही, पण त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "बेअरिंग गरम हाय." एवढं बोलून ते नमाजाला गेले.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. झीनतने माइक लांब नेला, तर ढोलकही लांब गेली. लॅपटॉप उशीखाली ठेवला, तर तो आणखी तापला. दुपारी दोनला तिने तो परत पाठवायचा म्हणून खोक्यात कोंबला आणि त्या खोक्यावर बसून रडली. अम्मा शेजारी बसून सुपारी कातरत राहिली.

"आता पुढचा मी बगते," ती म्हणाली. "तुला लॅपटॉप बगायचाय का नवरा, हेच कळंना."

"अम्मा, तुला त्यातलं काय कळतं?"

"मला आवाज कळतो. अजून काय कळायला पायजे?"

बुधवारी शाळा सुटल्यावर दोघी नवी पेठेतल्या एका दुकानात गेल्या. दुकानात एसी असा की अम्माने ओढणी गळ्याभोवती घट्ट केली. काउंटरवर प्रियंका नावाची मुलगी होती. तिने पाच लॅपटॉप ओळीने उघडले आणि पाढे म्हटल्यासारखे आकडे म्हणायला लागली. झीनतनेही वही काढली. अम्माने थेट पहिल्या लॅपटॉपला कान लावला.

"मावशी, काय ऐकताय?" प्रियंकाने विचारलं.

"ह्यो बोलतो का, ते. कमी बोलणारा पायजे."

"हे सगळे सायलेंट आहेत मावशी."

"हितं समदेच गप हायेत. एवढ्या गारठ्यात मी बी गपच बसंन. भायेर आना की."

प्रियंकाला आधी ते थट्टेचं वाटलं. मग अम्माने खरोखरच एक लॅपटॉप उचलला, तेव्हा ती धावली. पुढची पंधरा मिनिटं नवी पेठेने जे बघितलं ते असं: भर उन्हात दुकानाच्या पायरीवर पाच लॅपटॉप मांडलेले, प्रत्येकावर कसलातरी व्हिडिओ चालू, आणि एक साठीची बाई ओणवी होऊन एकेकाला कान लावतेय. रस्त्यावरचे लोक थांबले. एकाने विचारलं, "किती टक्के सूट हाय?"

"पयला दमेकरी," अम्मा म्हणाली. "दुसरा कण्हतो. ह्यो तिसरा शिट्टी मारतो, पोरीच्या घरात न्हाय चालायचा. चौथा..." तिने चौथ्याला पुन्हा कान लावला. मग दुसरा कान लावला. "ह्येच्यात जीव हाय का न्हाय?"

"त्याला आत पंखाच नाही मावशी," प्रियंका म्हणाली. "पातळ आहे, कमी तापतो. पण ताकद जरा कमी."

झीनत लगेच वहीत शिरली. रॅम आठच. तौसिफ काय म्हणेल? चाळीस ट्रॅक? तिचं बोट वहीवर फिरायला लागलं आणि अम्माने ती वही हळूच मिटली.

"आवाज किती हायेत आपल्याकडं? मी येक आनि ढोलक येक. दोन आवाज उचलायला ह्येला पैलवान कशाला व्हायला पायजे?"

चौथा घरी आला. पाचवा ऐकायचाच राहिला, त्याची झीनतला वाटेत चुटपुट लागली. तिचा स्वभाव तो.

तिसरा शुक्रवार. शेवटचा. झीनतने याही शुक्रवारी शाळेतून रजा काढली होती. पंखा बंद, चादरी टांगलेल्या, फटी बुजवलेल्या, कारखाना बंद. कुकरच्या शिट्टीची भीती नको म्हणून स्वयंपाक पहाटेच उरकलेला. लॅपटॉप चालू होता की बंद, हे फक्त पडद्यावरून कळत होतं. एवढी शांतता त्या घराने कधी ऐकली नव्हती. झीनतने कानावर हेडफोन चढवले. अम्माच्या बांगडीचा आवाज, ओढणीची सळसळ, सगळं स्वच्छ. तिला वाटलं, जमलं.

अम्माने थाप मारली.

*समधन आई मोटार में,*
*पानदान भूली बाजार में...*

दुसऱ्या कडव्यात तिची लय पळाली. थांबून पुन्हा सुरू केलं, तर ढोलक मागे राहिली आणि गळा पुढे. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं ते एवढं सावकाश, की समधन मोटारीतून नव्हे, बैलगाडीतून आल्यासारखी वाटली. जे गाणं अम्मा झोपेत म्हणू शकली असती ते तिच्या हातात ठरेना. सहा वेळा झालं. घामाने तिची चोळी भिजली.

"अम्मा, लक्ष कुठे आहे तुझं?" झीनत ओरडली. एवढ्या शांततेत ते ओरडणं भलतंच मोठं झालं.

"हितंच हाय की."

"मग नीट म्हण ना! लग्नात म्हणतेस, रोज भांडी घासताना म्हणतेस, आजच काय झालं? आज शेवटचा दिवस आहे, अम्मा. परवा अॅडमिट व्हायचंय. नंतर..."

अम्माने ढोलक बाजूला ठेवली. पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरलेला दिसला. "नंतर काय, ते मला बी म्हाईत हाय गं," ती म्हणाली. "मी लहान न्हाय. पन आज मला सापडतच न्हाय. लई रिकामं वाटतंय."

तिने हात गळ्याशी नेला, गाठीवर ठेवला. घाबरली होती ती. तीन आठवडे सुपारी कातरत बसलेली अम्मा घाबरलेली होती, आणि झीनतला ते आज दिसलं, एवढे दिवस वहीत तोंड खुपसून बसल्यावर. तिने हेडफोन काढले आणि अम्माच्या गुडघ्याशी जाऊन बसली.

अब्बा इतका वेळ उंबऱ्यावर होते. ऐकू तर काही येत नव्हतं. ते बघत होते अम्माचा डावा गुडघा. रोज काम करताना हा गुडघा हलतो, आणि ज्या ठेक्याने हलतो तो मागाचा ठेका अब्बांनी चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने जुळवलेला होता. लग्नात तिला बायकांच्या टाळ्या असतात. घरात टाळ्या कोण देणार? घरात माग असतो. आज गुडघा नुसता चाचपडत होता.

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली.

"कुठे निघालात अब्बा?" झीनतने विचारलं, पण त्यांची पाठ होती.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडे शटर वर गेलं. मग एकच माग सुरू झाला. चौदा मागांच्या गोंगाटात तो वेगळा कधीच ऐकू आला नव्हता. भिंतीला लागून असलेला, सात नंबरचा. खटक-खटाक्, खटक-खटाक्. फळीवरची ताटं लगेच कुजबुजायला लागली. झीनतचा पहिला विचार काय असावा? की झालं, गेली शांतता, आता सगळं पुन्हा खराब होणार. एवढं करून निवडलेला मुका लॅपटॉप, आणि भिंतीपलीकडे माग! ती उठून भिंतीवर हात आपटणार होती.

पण अम्माचा गुडघा हलायला लागला होता. तिने डोळे पुसले, ढोलक ओढून घेतली आणि म्हणाली, "दाब गं तुझं बटन."

मग अम्मा गायली. समधन मोटारीतून आली, पानदान बाजारात विसरली, मेव्हण्याच्या मिशा रंगवून झाल्या, सासूचा कंबरपट्टा तुटला. प्रत्येक ओळ झाली की अम्मा थांबायची. मागच्या बायका ओळ झेलतात, त्यांच्यासाठी जागा सोडायची तिची सवय. इथे झेलायला कुणी नव्हतं. त्या रिकाम्या जागेत माग तेवढा वाजायचा. 'जागा नको सोडूस' असं सांगावं, हे झीनतच्या मनात आलं, पण या वेळी तिने तोंड बंद ठेवलं.

शेवटी अम्माने बिदाईचं गाणं घेतलं. मधल्या कडव्यात ती वरच्या सुरावर चढली आणि नेमकी पलीकडे धोट्यातली सुताची कांडी संपली. सूत संपलं की माग आपोआप थांबतो. ठेका तुटला. अम्माने मात्र सूर सोडला नाही. डोळे मिटून, तो सूर तसाच हवेत धरून ती थांबली. गळ्यावरची गाठ थरथरत होती. पलीकडे अब्बांनी नवी कांडी भरली, माग पुन्हा खटकला, आणि त्या खटक्यावर अम्मा अलगद पुढच्या ओळीत उतरली. झीनत रडत होती आणि हेडफोनमध्ये आपलं रडणं जाऊ नये म्हणून दाताखाली ओढणी धरून होती.

जुम्म्याच्या नमाजापर्यंत अकरा गाणी झाली. शनिवारी मालक रुद्रप्पा मागाशी उभे राहून विचारत होते, "सुट्टीच्या दिवशी हा टॉवेल कुणी विणला?" अब्बांना नेमकं तेव्हा काहीच ऐकू आलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. आवाज मात्र बसला. महिना गेला, दीड महिना गेला. अम्मा बोलायला लागली, पण आतून काहीतरी खरवडल्यासारखं. वर जायला गेली की सूर निसटून नुसती हवा यायची. "येईल सावकाश," डॉक्टर म्हणाले, आणि पुढे पुन्हा 'बहुतेक' म्हणाले. ढोलक कोनाड्यात गेली. शेजारच्या आळीत लग्न निघालं, बोलावणं आलं, अम्माने पाय दुखतात असं सांगून पाठवलं. भांडी ती आता मुकाट्याने घासायची.

तौसिफला झीनतने गाणी पाठवली होती. त्याने आपल्या बत्तीस रॅमच्या मशीनवर ती धुऊन परत पाठवली. "आपा, मागचा तो खडखडाट पूर्ण काढलाय. एकदम स्टुडिओसारखं झालंय. ऐकव मामींना."

एका रविवारी दुपारी झीनतने ती लावली. कारखान्यातले माग त्या दिवशी तासभर बंद होते, तार जळाली होती. अम्मा तांदूळ निवडत बसली होती. स्वतःचा आवाज ऐकून तिचे हात थांबले. तिने ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं लॅपटॉपकडे बघितलं, आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"कारखाना कुटं गेला?" तिने खरखरत विचारलं.

"तौसिफने काढला. साफ केलं त्याने."

"ही कोन बाई हाय मग? येकटीच बडबडतीया." तिने पुन्हा तांदळात हात घातला. "बंद कर."

झीनतने बंद केलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने तौसिफचं धुतलेलं बाजूला सारलं आणि मूळचं, न धुतलेलं लावलं. खटक-खटाक्, खटक-खटाक्. मागोमाग ढोलक.

*समधन आई मोटार में...*

अम्माचा गुडघा हलला. लॅपटॉपमधली अम्मा सवयीने थांबली, मागच्या बायकांसाठी जागा सोडून. आणि सूप मांडीवर घेऊन बसलेल्या अम्माने त्या जागेत, खाली, फाटक्या आवाजात ओळ झेलली.

*...पानदान भूली बाजार में.*

झेलणाऱ्या बाईला वर चढावं लागत नाही. आयुष्यभर अम्मा पुढे गायली होती, मागे बसणं तिला माहीत नव्हतं. आता ती मागे बसली आणि एकही जागा रिकामी जाऊ दिली नाही. झीनत तिच्या शेजारी बसली आणि तीही झेलायला लागली, बेसूर का असेना.

अब्बा बाहेरून आले. चप्पल काढता काढता त्यांनी दोघींचे ओठ बघितले, मग अम्माचा गुडघा बघितला, आणि तिथेच उभे राहिले.

"सात नंबर हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

गाणं न सोडता अम्माने मान हलवली.